वहीतल्या माणसांची पूर्ण नावं लिहा

दिवाळी अंकात मी रोजनिशीवर दोन पानं लिहिली होती आणि घरातल्या जुन्या-नव्या वह्यांबद्दल काही अडचणी असतील तर कळवा, असं शेवटी म्हटलं होतं. पत्रं इतकी आली की सगळी एका अंकात मावणार नाहीत. नोकरीची सगळी वर्षं मी पुण्यात जुन्या कागदांची दुरुस्ती केली. मोडी पत्रं, जमाखर्चाच्या चोपड्या, देवस्थानांचे कागद, कुणाकुणाच्या घरातून आलेल्या पेट्या हाताखालून गेल्या. तेव्हा माझी उत्तरं त्या कामातून आलेली आहेत. लेखनकलेबद्दल ज्यांनी विचारलं आहे त्यांना माझ्याहून जाणकार माणसं भेटतील. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. सासरे शिक्षक होते, रोज रात्री झोपण्याआधी लिहायचे. त्यांच्या रोजनिश्या खालच्या कपाटात होत्या. काही वह्या आम्ही नंतर उन्हात वाळवल्या, त्यांचे ठोकळे झाले आहेत, पानं सुटत नाहीत. काहींतली शाई पसरून गेली. घरातले म्हणतात टाकून दे. माझ्याने टाकवत नाही. — एक गृहिणी, चिपळूण

उत्तर : ताई, टाकू नका. ठोकळा झालेली वही गेली असं समजायचं कारण नाही. मात्र तिच्यात सुरी, पट्टी, नख काहीही घालू नका. भिजलेली पानं वाळताना एकमेकांत रुततात. जोर लावला की वरच्या पानाचा पापुद्रा अक्षरांसकट खालच्या पानाला चिकटून निघतो आणि मग दोन्ही पानं जातात. शाळेच्या वहीचा असतो तसा साधा कागद असेल तर नुसता दमटपणा दिल्याने तो बऱ्याचदा सुटतो. चकचकीत, गुळगुळीत कागदावर लेप असतो, तो भिजून वाळला की पानं सहसा सुटत नाहीत. तुमच्या सासऱ्यांच्या वह्या साध्याच असणार, म्हणून मला आशा आहे.

आधी शाईची परीक्षा करा. एखाद्या कोपऱ्यातल्या अक्षरावर ओल्या कापसाचा बोळा नुसता टेकवायचा, घासायचा नाही. बोळ्याला रंग लागला तर तिथेच थांबा, ती वही जाणकाराकडेच न्यायची. रंग लागला नाही तर झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा घ्या. तळाशी पिळून घेतलेलं ओलं फडकं, त्यावर जाळी, जाळीवर वही, आणि झाकण बंद. पाणी वहीला कुठेही लागता कामा नये. काही तासांनी कडेची पानं सैल झाली का ते बघा. जितकी आपणहून सुटतील तितकीच सोडवा, प्रत्येक पानाआड कोरा कागद घाला आणि सावलीत वाळू द्या. वही रात्रभर डब्यात विसरू नका, बुरशी धरेल. आणि हे काम पावसाळ्यात मुळीच नको, थंडी सरता सरता, हवा कोरडी असताना करा. तोंडाला मास्क लावा. जुन्या बुरशीची पूड छातीत गेलेली बरी नाही.

आता पुसट झालेल्या अक्षरांबद्दल. शाईपेनाची निळी शाई पाण्यात वाहते. बॉलपेनची शाई तेलकट असते, ती पाण्याला बरीच दाद देत नाही. म्हणजे सासऱ्यांनी ज्या वर्षी बॉलपेन हाती धरलं असेल तिथून पुढचं बरंचसं वाचता येईल. आधीच्या पानांवरही कागदावर पेनाचा दाब राहिलेला असतो. खोली अंधारी करा, पान टेबलावर सपाट ठेवा आणि बॅटरीचा उजेड बाजूने, कागदाला जवळजवळ समांतर मारा. दाबाच्या रेघांत सावल्या उमटतात. त्याच उजेडात फोटो काढा आणि पुढे काय ते फोटोवरून वाचा, पान पुन्हापुन्हा हाताळू नका.

वाचलेलं नव्या वहीत उतरवताना एक शिस्त पाळा. जो शब्द लागला नाही तिथे जागा सोडा. अंदाज केला असेल तर तो पेन्सिलीने, प्रश्नचिन्ह घालून लिहा. नातवंडांना आजोबांचे शब्द कुठले आणि तुमचे कुठले हे कळायला हवं. आणि त्याच वहीच्या सुरुवातीला तुम्ही स्वतः लिहा : कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंतच्या वह्या होत्या, कोणत्या गेल्या, पाणी किती वाजता आलं, भिंतीवर कुठवर चढलं, कपाट कुठल्या खोलीत होतं, त्या रात्री घरात कोण कोण होतं. तुमच्या गावच्या दीडशे वर्षांहून जुन्या वाचनालयातही त्या दिवशी पाणी शिरलं, त्याची नोंद इतरांनी केली आहे. तुमच्या घराची नोंद फक्त तुम्हीच करू शकता.

पुन्हा कधी वह्या भिजल्याच तर उन्हात टाकू नका. ओला कागद दोन-तीन दिवसांत बुरशी धरतो. तेवढ्यात वाळवणं जमणार नसेल तर एकेक वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. गोठलेल्या कागदाला बुरशी लागत नाही आणि तुम्हाला सवड मिळते. पुरात वीज नसते हे मला ठाऊक आहे. अशा वेळी दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाचा फ्रीझर मागायला संकोच करू नका.

प्रश्न : दर १ जानेवारीला नवी डायरी सुरू करतो, फेब्रुवारीत बंद पडते. बँकेतून निवृत्त आहे, दिवस एकसारखे जातात. 'आज विशेष काही नाही' असं किती दिवस लिहिणार? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : काका, तुमची अडचण 'विशेष' या अपेक्षेत आहे. विशेष गोष्टी न लिहिताही टिकून राहतात. त्या वर्तमानपत्रात येतात, चार माणसं सांगतात, फोटो असतात. न लिहिल्यामुळे जातं ते रोजचं.

पुण्यात १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं पाणी आलं. ते पाणी पाहिलेल्या अनेकांशी मी बोलले आहे. सगळे पाण्याबद्दल बोलतात आणि फार नेमकं बोलतात. लकडी पूल, नदीकाठच्या पेठा, पाणी किती पायऱ्या चढलं, कोण माळ्यावर अडकलं. मग मी विचारते, आदल्या दिवशी ते घर कसं होतं? मोरी कुठे होती, देवघर कुठल्या भिंतीला, कोण कुठे झोपायचं, दूध कोण घालायचं, भाडं किती? तिथे माणसं अडखळतात. दोन भाऊ असतील तर दोन वेगळी घरं सांगतात. पुराने वाडा नेला, पण वाड्यातलं राहणं गेलं ते कुणी लिहून ठेवलं नाही म्हणून. 'त्यात काय लिहायचं' असं त्यांना तेव्हा वाटलं होतं, जसं तुम्हाला आज वाटतं.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात कापडी रुमालांत बांधलेले हजारो गठ्ठे आहेत. लढाया आणि तह त्यात आहेतच, पण केवढे तरी कागद नुसत्या हिशेबाचे आहेत. तूप किती, तेल किती, दक्षिणा कुणाला, शालू कशासाठी, कुणाच्या औषधाला काय लागलं. ज्याने ते लिहिलं तो कारकून फक्त पैशाचा हिशेब देत होता. पण त्या काळच्या घरात काय शिजत होतं, कोण आजारी होतं, कुणाचा मान मोठा होता हे आज आपल्याला त्याच्याच ओळींवरून कळतं.

म्हणून माझं सांगणं, डायरी बाजूला ठेवा आणि जमाखर्चाची वही घाला. बँकेतल्या माणसाच्या हातून ती बंद पडायची नाही. डावीकडे खर्च, उजवीकडे जागा मोकळी. खर्चासमोर सुचलं तर एक ओळ. माझ्या आजीच्या वहीत गुळाच्या ढेपेच्या नोंदीशेजारी लिहिलेलं आहे, 'वन्सं आल्या. राहिल्या नाहीत.' एवढंच. पण त्या वर्षीच्या पुढच्या नोंदींत माहेरवाशिणीचा खर्च नाही, दिवाळीची साडी नाही, आणि दोन वर्षांनी एकदम ती साडी पुन्हा येते. घरात काय बिनसलं होतं आणि कधी मिटलं हे आमच्या पिढीला त्या वहीने सांगितलं. तोंडाने कुणी सांगितलं नव्हतं.

तुम्ही काय लिहाल? दूध कितीला पडलं. इस्त्रीवाल्याचं नाव काय, गाव कुठलं, तो गावी किती दिवस जातो. नोकरीत असताना कुठली लोकल पकडायचात, कुठल्या डब्यात चढायचात, तुमच्या ग्रुपमध्ये जागा कुणाची ठरलेली होती, भजन कोण म्हणायचं. इमारत पुनर्विकासाला जाणार असेल तर आज कुठल्या मजल्यावर कोण राहतं. पाच वर्षांनी तोच पत्ता असेल आणि त्यातलं काहीही नसेल. रोज लिहायची सक्ती नको, रविवारी चहानंतर आठवड्याचं लिहा.

आणि हे सर्वांसाठीच सांगते : नावं पूर्ण लिहा. 'दादा येऊन गेले' असं तुम्ही लिहिता तेव्हा दादा कोण हे तुम्हाला माहीत असतं. तुमच्या पणतवंडाला घरातले चार दादा ठाऊक असतील, नाहीतर एकही नसेल. माझ्या टेबलावर कितीतरी पत्रं अशी यायची की ज्यांवर तिथी आहे, वार आहे, शक नाही. 'कार्तिक शुद्ध पंचमी' दर वर्षी येते. एकेका पत्राचं वर्ष ठरवायला अभ्यासकांनी किती डोकं घातलं आहे! लिहिणाऱ्याला चार अक्षरं जड नव्हती, त्याला फक्त वाटलं की वर्ष कोणतं हे कोण विसरणार आहे. तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर घरातल्या सगळ्यांची पूर्ण नावं, हाक मारायची नावं आणि एकमेकांशी नातं लिहून टाका. एका संध्याकाळचं काम आहे, आणि पुढची सगळी पानं त्याने वाचण्याजोगी होतात.

प्रश्न : आजी चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. शाळेत गेली नाही. तिचं माहेर माणदेशातलं, लग्नानंतर कोयनाकाठी आली. मोबाईल समोर धरला की 'माझं काय सांगू, गेलं तसं गेलं' म्हणते. तारखा तर अजिबात सांगता येत नाहीत. — एक विद्यार्थी, कराड

उत्तर : बाळा, 'तुझं आयुष्य सांग' असं विचारलंस की कुणीही हेच म्हणेल. वस्तू हातात दे. जुना अडकित्ता, पितळी डबा, गोधडी असेल तर फारच छान. गोधडीतला एकेक तुकडा कुठल्या लुगड्याचा, ते लुगडं कुणी घेतलं, कधी फाटलं, एवढं विचार. बोलणं पुढचं पुढे जातं. मोबाईल तोंडासमोर नको, शेजारी उशीवर ठेव आणि विमान मोडवर टाक, नाहीतर नेमक्या वेळी फोन येतो. एका बैठकीत अर्धा तास पुरे. सुरुवातीला तूच मोठ्याने तारीख, गाव, तिचं पूर्ण नाव आणि माहेरचं नाव बोल. नुसती फाईल राहिली तरी ती कुणाची हे कळलं पाहिजे.

सालाची काळजी करू नकोस. तिच्याकडे तारखा नसतील, खुणा आहेत. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला. त्या वेळी तू कुठे होतीस, पोटात की कडेवर कोण होतं, हे तिला नक्की सांगता येईल. बहात्तरचा दुष्काळ तिच्या माहेरी कसा होता ते विचार. खडी फोडायला कोण गेलं, सुकडी कुठे वाटायचे, मिलो ज्वारीची भाकरी कशी लागायची. या दोन खुणांच्या मागे-पुढे बाकीचं लावता येतं. धाकटा मामा दुष्काळात रांगत होता म्हणजे त्याचं साल आलं. वहीत लिहिताना 'दुष्काळाच्या आदल्या वर्षी' हे तिचे शब्द तसेच ठेव आणि साल तू शेजारी लिही.

तिला ओव्या येतात का विचारलंस? जात्यावर बसलेल्या बायकांनी भाऊ, बाप, लेक, सासर, विठ्ठल सगळं ओवीत घातलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गाणाऱ्या बायकांची आणि गावांची नावंही त्यांनी नोंदली, हे मला त्या कामातलं फार मोलाचं वाटतं. आजी म्हणेल 'आता नाही आठवत.' घरात जातं असेल तर तिचा हात खुंट्याला लावून बघ. बसून, हात फिरवत असताना ओवी येते, खुर्चीवर बसून विचारली तर येत नाही.

तिची बोली सुधारू नकोस. 'व्हतं', 'म्या', 'लई' तसंच लिही. वरसईच्या विष्णुभट गोडश्यांनी सत्तावन्नच्या बंडातला आपला प्रवास पुढे कित्येक वर्षांनी, १८८३ च्या सुमारास लिहून काढला. १९०७ साली तो छापला गेला तेव्हा संपादकांनी त्यात फेरफार केले. मूळ हस्तलिखिताप्रमाणे वाचायला मराठी वाचकांना १९६६ पर्यंत थांबावं लागलं, दत्तो वामन पोतदारांनी ते काढलं तेव्हा. चांगल्या हेतूने केलेली सफाईसुद्धा माणसाचा आवाज पुसते. आजीचा आवाज तुझ्या हातात आहे, तो जसा आहे तसा ठेव.

प्रश्न : लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मी खूप सोसलं. ते सगळं एका वहीत आहे. आता सासूबाई नाहीत, नवरा खूप बदलला, मुलं मोठी झाली. त्यांनी वाचलं तर आजीबद्दल काय वाटेल? जाळून टाकू का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : वही तुमची आहे, जाळायचा अधिकारही तुमचाच. मला विचारलंत म्हणून सांगते : जाळू नका.

मी आयुष्यभर जे जुने कागद हाताळले त्यात बायका दिसायच्या त्या बहुतेक खर्चाच्या यादीत. अमकीस लुगडे, तमकीस चोळी. जिला लुगडं घेतलं तिला काय वाटत होतं याचा एक कागद सापडला तर आम्ही सगळे टेबलाभोवती गोळा व्हायचो. तुमची वही तसा कागद आहे. तुमच्या मुलीला, सुनेला तो कधीतरी लागेल.

पण मुलांबद्दलची तुमची काळजीही खरी आहे. वही एकदा शांतपणे पूर्ण वाचा. मग तिच्या शेवटी आजची तारीख घालून लिहा की पुढे काय झालं, सासूबाई शेवटच्या दुखण्यात कशा होत्या, नवरा कसा बदलला, तुम्ही आज त्या दिवसांकडे कशा बघता. जुन्या पानांत मात्र एक अक्षर खोडू नका. दोन्ही मिळून खरं आहे. नंतर वही पाकिटात घाला, ते बंद करा, वर स्वतःच्या अक्षरात लिहा की हे कुणी आणि कधी उघडायचं. एका विश्वासाच्या माणसाला जागा सांगून ठेवा. वहीत बहिणीचं किंवा मैत्रिणीचं काही गुपित असेल, जे तिने फक्त तुम्हाला सांगितलं, तर तेवढ्या पानांबद्दल तिला विचारा. ती तिची आहेत.

प्रश्न : बाबांनी २००२ साली पुण्यात कॉम्प्युटर शिकून आपल्या आठवणी टाइप केल्या. ते गेल्यावर ती सीडी मी इकडे आणली. फाईल उघडते, पण मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. फाईल बिघडली का? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : बिघडलेली नाही, निश्चिंत राहा. त्या काळात मराठी टायपिंग श्रीलिपी, कृतिदेव, आकृती अशा फॉन्टमध्ये व्हायचं. त्यात संगणक आतून इंग्रजी अक्षरंच साठवायचा आणि फॉन्ट त्यांच्या जागी मराठी आकार दाखवायचा. तो फॉन्ट तुमच्या संगणकावर नाही म्हणून आतलं इंग्रजी उघडं पडलं आहे. आता आपण युनिकोड वापरतो, त्यात मराठी अक्षराला स्वतःची जागा आहे.

सर्वांत आधी सीडीवरच्या फाईलची प्रत दोन ठिकाणी करा, सीडीचा फार वर्षं भरवसा नाही. मूळ फाईलला हात लावू नका. प्रतीत फॉन्टचं नाव दिसेल, ते टिपून घ्या. त्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर मिळतात, बरेच फुकट आहेत. बदलून आल्यावर ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांत तेल घालून तपासा, चुका तिथेच होतात. भारतातल्या घरी बाबांनी काढलेला एखादा प्रिंट पडला आहे का ते भावाबहिणींना विचारा, म्हणजे ताडून बघता येईल. काम झालं की सगळं कागदावर छापून बांधून घ्या आणि एक प्रत इकडे पाठवा. जुना हातकागद आणि काजळीची शाई यांनी मोडी कागद शतकं टिकले, आणि तुमच्या बाबांची फाईल वीस-पंचवीस वर्षांतच वाचेनाशी झाली होती. माझा कागदावरचा विश्वास त्यामुळे कमी होत नाही.

थोडक्यात विचारलेले काही :

पेन कुठलं? पाण्याने न पसरणारी, पिगमेंटची काळी शाई मिळाली तर उत्तम. नाहीतर साधं बॉलपेन चालेल, वही उजेडात उघडी टाकू नका, त्याचा रंग उडतो. पेन्सिल उडतही नाही, वाहतही नाही. फोटोंच्या मागे फक्त पेन्सिलीनेच लिहावं, तेही हलक्या हाताने आणि कडेला.

लॅमिनेशन करू का? नको. उष्णतेने चिकटवलेलं प्लास्टिक पुन्हा सोडवता येत नाही. सेलोटेपही नको, तो पिवळा पडतो आणि डाग कागदात उतरतो. टाचण्या, स्टेपल काढून टाका, पावसाळ्यात गंजतात.

कसर लागते. वही वर्षातून दोनदा उघडून, झटकून, पानं मोकळी करून ठेवा, हाच मुख्य उपाय. वेखंडाची पुरचुंडी कपाटात ठेवायला हरकत नाही, पण वहीच्या पानांत घालू नका. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नको, मध्ये चार बोटं हवा खेळू द्या.

एसटीची आणि सिनेमाची तिकिटं वहीत चिकटवली होती, ती कोरी झाली. यंत्रातून निघणारं तिकीट उष्णतेने उमटतं, त्यावर शाई नसतेच, म्हणून ते उडतं. जी अजून वाचता येतात त्यांचे आजच फोटो काढा. शेजारी हाताने लिहा : कुठून कुठे, तारीख, भाडं किती, आणि शेजारच्या सीटवर कोण होतं. पूर्ण नावाने.